बेटावरच्या जेलचा धडा

आमच्या हापिसात नवा साहेब आला आणि इंग्रजीतून झापायला लागला. झापून घ्यायची सवय मला होती, पण उलट उत्तर देता न येण्याची बिलकुल न्हाई. माझं माहेर आष्टीकडचं. तिकडं मुकाट ऐकून घेणारी बाई जन्माला येत न्हाई. मंग सत्तेचाळिसाव्या वर्षी मी जालन्यात धान्याच्या मोंढ्याजवळच्या एका स्पोकन इंग्लिशच्या क्लासात नाव घातलं.

क्लास म्हणजे खताच्या दुकानावरची पत्र्याची खोली. तिथले सर टाय लावायचे. एप्रिलात, पत्र्याखाली, टाय! त्या माणसाची अक्कल किती, हे मला पहिल्याच दिवशी कळायला पाहिजे होतं.

सरांकडं शिकवायला एकच धडा होता, एका बेटावरच्या जेलचा इतिहास. समुद्र, खडक, दगडी कोठड्या, आणि कैद्यांनी एकमेकांशी बोलायचं न्हाई असा नियम. पुस्तक एकच आणि ते सरांच्या बॅगेत. दुसरा क्लासवाला पळवील म्हणून आम्हाला हातसुद्धा लावू देत नव्हते. हे बेट कुठलं, अंदमान का, असं मी एकदा विचारलं तर अंगावर आले, "नो मराठी!" वर्गात मराठीला बंदी, आणि इंग्रजी तर आमच्यात कुणाच्या बापाला येत नव्हती. म्हणजे बोलायला शिकायला आलेली खोलीभर माणसं तोंडाला कुलूप लावून बसायची. जेलच्या धड्यात तरी याच्याहून वेगळं काय होतं?

शिकवायची तऱ्हा तर काय सांगावी! सर वाक्य म्हणायचे आणि शेवटचा शब्द सोडून द्यायचे. "द प्रिझन वॉज ऑन ॲन…" की आम्ही सगळे ओरडणार, "आयलंड!" "द प्रिझनर्स कुड नॉट…" "टॉक!" सर खूश. "व्हेरी गुड," म्हणून टाय सरळ करायचे. दर महिन्याला नव्या ॲडमिशन आल्या की धडा परत पहिल्या ओळीपासून. कैदी कोठडीत शिरले की आमचा महिना संपायचा. पुढं ते सुटले की तिथंच मेले, हे आमच्यापैकी एकालाही ठाऊक नव्हतं.

माझ्या शेजारी बदनापूरची एक सून बसायची. रेल्वेनं यायची, आणि सगळ्यांच्या आधी पोचायची. शेतकी कॉलेजातून पदवी घेतलेली पोरगी. तिला एका बियाण्याच्या कंपनीतून मुलाखतीचं बोलावणं आल्तं. चपला जिन्यात काढायच्या असायच्या आणि जिन्यात मराठी चालायची, म्हणून तिथं मला म्हणाली, "काकू, मामा म्हणलेत, या खेपेला नोकरी लागली तर ठीक, न्हाई तर क्लास बंद आन् जालन्याला येणं पण बंद." मामा म्हणजे तिचा सासरा. मी सरांच्या मागं लागले, पोरीची मुलाखतीची तयारी करून घ्या. सर म्हणाले, "डोन्ट वरी, शी इज माय बेस्ट." तेवढं खरं होतं. शेवटचा शब्द तिच्याइतका खणखणीत कुणी म्हणत नव्हतं.

मुलाखत झाली आणि ती थेट क्लासच्या जिन्यात येऊन बसली. कंपनीच्या साहेबानं विचारलं होतं, "टेल मी समथिंग अबाउट युअरसेल्फ." ही ताठ बसून मोठ्यानं म्हणाली, "युअरसेल्फ!" त्याला वाटलं, हिला ऐकू आलं न्हाई. "व्हाय डू यू वाँट धिस जॉब?" "जॉब!"

"काकू, काय विचारून राह्यलेत ते मला सगळं कळत होतं. उत्तर पण डोक्यात होतं. तोंडातून तेच निघालं."

ती रडली न्हाई. मीच रडले, संतापानं. वर गेले तर सर फळा पुसून राह्यले होते. झालेलं सगळं सांगितलं. तर तो टायवाला विचारतो कसा, "पण उच्चार बराबर होता ना?" मराठीत विचारलं बरं का, आता चालली त्याला मराठी! लाज कशाशी खातात हे ठाऊक नसलेला माणूस. त्याच दिवशी मी क्लास सोडला.

तिचा सासरा बोलल्याप्रमाणं वागला. तिचं येणं बंद झाल्याचं क्लासातल्या एकीनं सांगितलं, तेव्हा एका रविवारी मी बदनापूरला तिच्या घरी गेले. सासरा ओसरीत खुर्चीवर, पायावर पाय टाकून. पाणी दिलं, ताई ताई केलं, कुणाला नाव ठेवायला जागा न्हाई. मी विषय काढला तर म्हणाला, "इंग्रजी येत असती तर मुलाखतीत बोलली नसती का, ताई?"

"भाऊ, तिला येतंय. शिकवणारा गाढव होता. अजून एकदा जाऊ द्या तिला."

तो हसला. काय ते हसणं! सगळा जिल्हा त्याच्या ओसरीत निवाडा मागायला आलाय जणू. "त्याचं काय आहे ताई, आमच्या घरात सुनांनी…" एवढं म्हणून थांबला आणि आतल्या दाराकडं पाह्यलं. माझ्या लक्षात आलं, हा पण त्यातलाच. हा पण शेवटचा शब्द सोडणारा. त्याचा हा धडा घरात रोज होत असणार, आणि तो शब्द ती रोज आतून भरत असणार. क्लासात पहिला नंबर उगंच नव्हता तिचा.

आतून काही आवाज आला न्हाई.

तो परत म्हणाला, जरा मोठ्यानं, "आमच्या घरात सुनांनी…"

ती चहा घेऊन बाहेर आली. कप माझ्यासमोर ठेवला, त्याच्याकडं पाह्यलंसुद्धा न्हाई, आणि मला विचारलं, "काकू, डिड द प्रिझनर्स गो होम?"

अख्खं वाक्य. धड्यात नसलेलं, कुणी अर्धं करून न दिलेलं. मला उत्तर ठाऊक नव्हतं, तरी मी म्हणाले, "येस. ऑल."

"काय म्हणली ती?" सासऱ्यानं मला विचारलं.

"मला काय विचारता?" मी म्हणाले. "तिलाच विचारा की."