आमच्या अंगणातलं लँडिंग

समस्त देवळीकरांना अत्यंत गांभीर्याने कळवण्यात येते की, आमच्या अंगणात एकदा विमान पडता पडता वाचले.

काल शेजाऱ्यांनी डासांसाठी कडुनिंबाचा धूर केला. तो कडवट वास नाकात शिरला आणि मला आमची जुनी बाज दिसली. बाजेवर माझी धाकटी बहीण सुनंदा, तेव्हा सहवैमानिक. सिम्युलेटरच्या परीक्षेत कॅप्टनने धुक्यात, धावपट्टी दिसत नसताना विमान खाली नेलं आणि ही गप्प राहिली, म्हणून नापास झाली. मोठ्यांना आडवं बोलायचं नाही, हे आमच्या घरचं वळण तिला नडलं. आता एकच संधी उरली होती.

म्हणून तिच्या सरावासाठी मी अंगणात धुराचं धुकं केलं, बाजेचं कॉकपिट केलं आणि हट्टी कॅप्टन म्हणून एसटी ड्रायव्हर बाबांना तिच्या शेजारी बसवलं. त्यांना अभिनय करावाच लागला नाही. मी घटती उंची ओरडून सांगत होतो.

"बाबा, रनवे..." सुनंदा पुटपुटली.

"गप बस वो, मी उतरवून राह्यलो!" स्टिअरिंग म्हणून दिलेली परात फिरवत बाबा गरजले.

आज ती स्वतः कॅप्टन आहे. पण माझी छाती फुगते ती त्या संध्याकाळच्या आठवणीने. बाबांवर घरात पहिल्यांदाच कोणी ओरडलं होतं:

"रनवे दिसून नाई राह्यला बाबा, वर घ्या म्हणते ना!"