व्यवसाय : बिझी

देवमनभाऊ रोज सकाळी घरातून असे निघत की पाहणाऱ्याला वाटावे, यांची गाडी फलाटावरून हलली आहे. एक चप्पल पायात, एक हातात, कानात ते काळे ब्लूटूथचे यंत्र आणि तोंडात पोळीचा घास. बोळ संपेपर्यंत हा वेग टिके. बोळाच्या तोंडाशी, माझ्या मेडिकलच्या अगदी समोर, ते थांबत, दुसरी चप्पल पायात सरकवत, डावीकडे बघत, उजवीकडे बघत आणि आता जायचे कुठे याचा विचार करत. शेंदूरजनाघाटला माझे दुकान होते तोवर हा देखावा मी रोज पाहिला. आता मी अमरावतीला मुलाकडे असतो. इथेही सगळे घाईत असतात, पण कुठे जायचे ते त्यांना ठाऊक असते, त्यामुळे बघण्यात काही मजा नाही.

फोन वाजला की पलीकडे कोण आहे हे कळण्याआधीच ते म्हणत, "बोल लवकर, बिझी हाव." मग तासभर बोलत. संत्र्याची थोडी बाग होती, ती त्यांनी बटईने, म्हणजे अर्ध्या वाट्याने, कसायला दिली होती. तिच्यावर आणि शेवंतावहिनींच्या शिलाई मशीनवर घर बरे चालत होते. देवमनभाऊंना नोकरी नव्हती, दुकान नव्हते, पण व्हिजिटिंग कार्ड मात्र होते. छापणाऱ्याने विचारले, नावाखाली धंदा कोणता टाकू? हे म्हणाले, "जे खरं हाय ते टाक ना." त्याने त्यांना ओळखून छापले, 'व्यवसाय : बिझी'. देवमनभाऊंनी ते गावभर वाटले.

एकदा मी वैतागून म्हणालो, "भाऊ, काम ना धाम, अन् तुमाले फुरसत कशी नाही?"

त्यांनी माझी कीव केली. "काम असलेल्या माणसालेच फुरसत भेटते, बाप्पा. तुयं दुकान रविवारी बंद राह्यते. माया रविवार कोणता, सांग बरं?"

मी गोळ्यांच्या पट्ट्या मोजत बसलो. 

शेवंतावहिनींकडे मात्र नवऱ्याच्या धंद्यांची पक्की वर्गवारी होती. कुठे जेसीबीने खड्डा खणणे चालू असेल आणि हे काठावर उभे राहून सूचना देत असतील तर ते 'रिकामे धंदे'. दोघांच्या भांडणात हे तिसरे होऊन घुसले तर 'नसते धंदे'. कुणाचा मिक्सर दुरुस्त करतो म्हणून उघडला आणि स्क्रू उरले, तर 'काय धंदे करून ठेवले!' आणि एखाद्या गरीब माणसाला यांच्या सल्ल्याने वरूडला चार खेपा पडल्या, तर यांनी त्याला 'धंद्याले लावलं'. धंदा हा एकच शब्द, पण त्या बाई त्यात नवऱ्याचा सगळा दिवस बसवत.

एकदा वरणासाठी सांबार आणायला त्यांना धाडले. आमच्याकडे कोथिंबिरीला सांबार म्हणतात. बाजारात एका टेम्पोत रिद्धपूरच्या यात्रेला निघालेले कुटुंब होते आणि स्वयंपाकाची भांडी धरून बसायला माणूस कमी पडत होता. देवमनभाऊ दुसऱ्या दिवशी दुपारी परतले. हातात सांबाराची जुडी होती, वाळून काडी झालेली.

"वरण कालच उतरलं," वहिनी म्हणाल्या.

"मंग आज पुन्हा टाक. सांबार आणला ना मी?"

पण एक गोष्ट कबूल केली पाहिजे. आमच्या बोळाच्या टोकाला संत्र्याच्या पॅकिंगचे शेड होते आणि हंगामात तिथे ट्रक मागे मागे घ्यावे लागत. बोळ एवढा अरुंद की ड्रायव्हर शिव्या घालत. देवमनभाऊ मागे उभे राहत, एक हात हलवत, "येऊ दे... येऊ दे..." आणि नेमक्या क्षणी ट्रकच्या फळीवर थाप मारून "बस!" म्हणत. त्यांच्या 'बस'वर उभ्या राहिलेल्या गाडीने कधी कुणाच्या भिंतीचा पोपडाही काढला नाही. माझ्या दुकानाची पायरी त्यांच्याच भरवशावर शाबूत होती.

त्यांची एकुलती मुलगी वैशाली बीएस्सी झाली आणि स्थळे येऊ लागली. अमरावतीचे एक स्थळ अगदी जमत आले होते. मुलगी पसंत, पत्रिका पसंत, मुलाच्या आईने वहिनींच्या हातचे आलूपोहे दोनदा घेतले. मग मुलाच्या वडिलांनी विचारले, "आपण काय करता?" देवमनभाऊंनी कार्ड पुढे केले. चार दिवसांनी निरोप आला की मुलीचे वडील काही करत नाहीत, अशा घरात आम्हाला सोयरीक नको.

त्या संध्याकाळी ते दुकानात आले आणि प्रथमच स्टुलावर बसले. "अनिल, खरं सांग. मी खरंच काही करत नाही का रे?" मी काहीतरी गुळमुळीत बोललो.  कानातले यंत्र काढून त्यांनी खिशात ठेवले होते. मला फार वाईट वाटले. आम्ही सगळे त्यांना हसत होतो, पण ते हसणे त्यांच्या मुलीच्या लग्नापर्यंत जाईल असे कुणाला वाटले नव्हते.

गावात ही गोष्ट पसरली आणि प्रत्येकाने मनाशी एकच ठरवले. एकमेकांना न विचारता ठरवले, घोळ झाला तो तिथेच.

दोन महिन्यांनी अकोल्याचे स्थळ आले. मुलगा नोकरीला, माणसे साधी. पाहण्याच्या आधीच एके दिवशी मुलाचे थोरले काका वासुदेवराव एसटीने गावात उतरले, गुपचूप चौकशी करायला. आमच्याकडे अशी चौकशी पानठेल्यापासून सुरू होते. पानठेलेवाले रहीमभाई म्हणाले, "देवमनभाऊ? संत्र्याचे बडे व्यापारी आहेत ना! दिल्लीपर्यंत माल जाते त्यायचा." न्हाव्याने त्यांना रस्त्यांचे ठेकेदार केले. चहावाल्याने ट्रान्सपोर्टचा धंदा दिला, "रोज ट्रक त्यायच्याच इशाऱ्यावर चालते." शेवटी काका माझ्याकडे आले. मी, शिकलासवरलेला माणूस, म्हणालो की ते औषधांचे होलसेलर आहेत.

काकांनी रुमालाने कपाळ पुसले. "एका माणसाचे एवढे धंदे? अन् घर पाहून आलो तं पत्र्याचं. हे सारे दोन नंबरचे धंदे हायेत, साहेब. आमाले असल्या घरची पोरगी नाही पायजे."

 मी घाईघाईने खरे सांगून टाकले की ते यातले काहीच नाहीत, ते काहीच करत नाहीत.

"म्हणजे रिकामा माणूस?" काका आणखीच घाबरले. "मंग दिवसभर करते काय?"

"बिझी असतात," मी म्हणालो. दुसरे खरे मला आठवेना.

तेवढ्यात देवमनभाऊच आले, धापा टाकत. "अनिल, बोल लवकर, कायले बलावलं?" मी त्यांना बोलावलेच नव्हते. मी पाहुण्यांची ओळख करून दिली. देवमनभाऊंचा चेहरा उतरला. आता तोच प्रश्न येणार हे त्यांना कळले होते. पण प्रश्न त्यांनीच आधी विचारला.

"तुमाले पोराच्या बापानं पाठवलं?"

"नाही. त्याले मालूमच नाही मी आलो म्हून."

"मंग पोरानं?"

"त्याले बी नाही." काका जरा चाचरले. "मीच निंघालो. म्हटलं, चौकशी कराले कोणी पायजे ना! सर्व्हिसमधून रिटायर झालो तवापासून मले फुरसतच नाही, भाऊ. लोक म्हणतात घरी बसा. घरी कसा बसू? किती कामं राह्यतात!"

देवमनभाऊ त्यांच्याकडे बघतच राहिले. आयुष्यभर परमुलखात राहिलेल्या माणसाला गावचा माणूस भेटावा तसे त्यांचे झाले. "लोकायले समजत नाही," ते म्हणाले.

"अजिबात समजत नाही," काका म्हणाले.

पाच मिनिटांनी दोघेही नळाच्या पाइपलाइनचे खोदकाम बघायला निघून गेले. सोयरिकीचा विषय कुणीच काढला नाही. संध्याकाळी काकांची शेवटची एसटी चुकली, कारण ते दोघे एका अनोळखी माणसाची म्हैस शोधत होते. अकोल्याला जाऊन काकांनी सांगितले म्हणे, "बाप लय बिझी माणूस हाय, पण घर चांगलं." लग्न ठरले.

लग्न उन्हाळ्यात झाले. देवमनभाऊ मंडपात कुठेच सापडत नव्हते, कारण ते वरातीच्या बस लावत होते. मंगलाष्टकांना त्यांना ओढून आणावे लागले. मुलीची पाठवणी घरूनच झाली. नवऱ्या मुलाची कार बोळात आत लावलेली, वळायला जागा नाही, म्हणजे ती मागे मागेच मुख्य रस्त्यावर काढावी लागणार. वहिनी रडत होत्या, बाया रडत होत्या. वैशाली गाडीत बसली. ड्रायव्हरने मान बाहेर काढून विचारले, "मागे कोण पाह्यते?"

देवमनभाऊ केव्हाच गाडीच्या मागे जाऊन उभे होते. "येऊ दे," ते म्हणाले.

गाडी मागे सरकू लागली. ते उलट पावलांनी चालत होते, हात हलवत, "येऊ दे... येऊ दे..." बोळ संपला. गाडी मुख्य रस्त्यावर पूर्ण आली. इथे त्यांनी थाप मारून 'बस' म्हणायचे, मग गाडी वळायची आणि अकोल्याच्या वाटेला लागायची. सगळे थांबले. त्यांच्या तोंडून पुन्हा आले, "येऊ दे." गाडी आणखी मागे आली. "येऊ दे..." रस्ता ओलांडून ती माझ्या दुकानापर्यंत आली. मी ओरडलो, पण ते माझ्याकडे बघतही नव्हते. ते मागच्या काचेतून मुलीकडे बघत होते. ते जेमतेम बाजूला सरले, गाडी पायरीला धडकली आणि पायरीचा एक कोपरा उडाला.

"काय धंदे करून राह्यले हो!" वहिनी रडता रडता ओरडल्या.

वैशालीने काच खाली केली, मान बाहेर काढली. "बाबा, बस म्हणा ना आता."

त्यांनी गाडीच्या टपावर हळूच थाप मारली. ओठ हलले, आवाज मला ऐकू आला नाही. ड्रायव्हरला बहुधा आला, कारण गाडी वळली आणि गेली.

देवमनभाऊ रस्त्यावर तसेच उभे राहिले. डावीकडे बघितले नाही, उजवीकडे बघितले नाही. मग त्यांचा फोन वाजला. त्यांनी वैशालीचे नाव बघितले आणि फोन कानाला लावला.

"बोल माय," ते म्हणाले. "मोकळाच हाव."