चांदणी छापाचे चेंडू

सगळ्यात आधी आली ती शेवंताकाकू, आमची शेजारीण. कॅम्पातल्या बंगल्याचा गोरा साहेब मागून आला. त्याची मोटार आमच्या मळ्याच्या वाटेला लागते न लागते, तोच ही कुंपणाच्या फटीतून आत... "काय केलं वो बाई तुमी? सायेब येऊन राहिला तुमच्या घरी!"

माय म्हणाली, "काहून?" तर म्हणते, "मले काय माईत? मी तं पाहाले आली!"

हे आत्ता आठवायचं कारण म्हणजे माझा नातजावई. पुण्यात असतो, गोल्फ खेळतो, गुणाचा आहे हो पोरगा. परवा घरी आला आणि कोणत्या कंपनीचा चेंडू जास्त खपतो यावर फोनवर अर्धा तास कोणाशी तरी भांडत होता. मी पोळ्या लाटत ऐकत होते... म्हटलं, अरे बाबा, कंपनीच्या छापाचं मला विचार. मी दुसरीपर्यंत शिकलेली, पण त्या धंद्यात होते मी. हसला. म्हणाला, आजी, लिहाच. नातसून टाइप करते आहे.

तर आमचा मळा अमरावतीच्या कॅम्पाला लागून. वांगी, मेथी, शेवंतीची फुलं. कॅम्पातल्या मोठ्या बंगल्यावर रोजचं माळवं आमचंच जायचं आणि घर त्यावरच चालायचं. पलीकडच्या पडीत मैदानात साहेब लोक काठीनं चेंडू मारायचे. निम्मे चेंडू आमच्या वांग्यांत.

तेव्हा मोठी लढाई सुरू होती. विलायतेहून नवा माल यायचा बंद झाला, त्यामुळे हरवलेल्या चेंडूंना भाव आला. आम्ही वेचून ठेवायचो, बंगल्याचा पट्टेवाला नेऊन बदल्यात घासलेट द्यायचा. घासलेट तेव्हा कुठे मिळत होतं!

पण पट्टेवाल्याचे नखरे. ठिपक्याचा चेंडू असला की नाक मुरडायचा, गोल चकतीचा असला तर बघू म्हणायचा... आणि लाल चांदणीचा दिसला की आधी उचलायचा. "सायबाले हाच पायजे," म्हणायचा.

मायला वाटलं, साहेबाला चांदणी आवडते. एवढंच. छाप म्हणजे कंपनी, ते तिला कोणी सांगितलंच नव्हतं. आमच्याकडे पोळ्याला बैलाच्या अंगावर गेरूचे ठप्पे मारतात ना, फुलाचे, मोराचे... आमच्या घरी चांदणीचा लहानसा ठप्पा होता. पोळा नुकताच झालेला, गेरू वाटीत तसाच होता. मायनं सगळे जुने चेंडू धुतले, डिंक घालून चुना फासला आणि ठप्पे मारायचं काम मला दिलं.

काय सुंदर दिसत होते म्हणून सांगू! मी टोपलीत मेथीच्या जुड्यांवर मांडून दिले. बाबांना यातलं काही माहीत नव्हतं, ते मोटेवर होते.

आणि दुसऱ्या दिवशी ही मोटार. साहेब, मडम आणि पट्टेवाला. अकोल्याहून पाहुणे साहेब खेळायला आले होते म्हणे. त्यांनी पहिलीच काठी हाणली आणि चुन्याचा धुरळा उडाला तो थेट त्यांच्या मिशांवर!

साहेबानं एक चेंडू बाबांच्या हातात ठेवला. बाबांच्या तळव्याला चुना लागला, गेरू लागला. पट्टेवाला म्हणाला, "सायेब इचारते, हे कोनती कंपनी? नकली माल इकता काय? असं असन तं उद्यापासून माळवं बंद."

बाबा मायकडे बघत राहिले. कुंपणावर तोवर सगळी आळी जमली होती. कोणीतरी म्हणालं, "चोर निंघाले का हे?" ते माझ्या कानात अजून आहे...

माय दाराआडून, पदर ओढून, म्हणाली, "चोरी नाई जी. सायबाले चांदनी आवडते म्हून काढून देल्ली. आमी बैलावर बी काढतो." आणि गोठ्याकडे बोट केलं. आमचा पांढरा बैल उभा, मागच्या पुठ्ठ्यावर तीच चांदणी.

पट्टेवाल्यानं ते इंग्रजीत सांगितलं. आधी मडम हसली. मग साहेब हसला... मोटारीला टेकून, डोळे पुसत. मग बाबाही हसले, सुटलो म्हणून. सगळी आळी हसली.

मला वाटलं, कौतुक चाललंय! मी धावत जाऊन ठप्पा आणला, गेरूत बुडवला आणि सगळ्यांसमोर एका चेंडूवर मारून दाखवला. मडमनं टाळ्या वाजवल्या. मी आणखी एक मारला. मग आणखी एक.

मग माझं लक्ष दाराकडे गेलं. मायनं पदर तोंडात धरला होता आणि ती रडत होती. तिनं इतकं मन लावून केलेलं, ते सगळ्यांना चेष्टेचं झालं होतं आणि मी त्यांच्यात उभी राहून नाचत होते. एवढं वय झालं, पण त्या टाळ्या आठवल्या की अजून मान वर होत नाही माझी.

माळवं बंद झालं नाही. साहेब चांगला होता, खोटं कशाला बोलू. पण जाताना पट्टेवाला मोठ्यानं सांगून गेला, "सायेब आइतवारी परत येनार हाये, अकोल्याचे पाहुने घेऊन. बैल धुऊन ठेवा, अन् पोरीले घरीच ठेवा, तिचा खेळ दाखवाचा हाये!"

शेवंताकाकू म्हणाली, "मी बी येतो वो." बाबा खुशीत मोटेवर गेले.

माय चुलीपुढे बसली होती. माझ्याकडे न बघता तिनं विचारलं, "कोनता वार म्हनला तो?"

मी म्हटलं, "आइतवार."