डाव्या बाजूचे नवे टायर

थोरल्या भावाचा उजवा हात गेला तो माझ्यामुळे. हे मी लिहितो आहे ते पहिल्यांदाच. तोंडाने बोलायची हिंमत मला कधी झाली नाही.

लढाईचे दिवस होते. आमची एक पॅसेंजर मोटार होती. वर कापडी टप, आत सात माणसांची जागा, आणि बसायची अकरा. नंदुरबार स्टेशन ते विसरवाडी अशी ती आम्ही दोघे भाऊ चालवायचो. म्हणजे चालवायचा तो. मी डाव्या फळीवर उभा राहून उतारू गोळा करायचो आणि चाकांचं सगळं काम बघायचो. माझं लायसन नुकतंच झालं होतं, त्यामुळे मोटारीतलं आपल्याइतकं कुणाला कळत नाही, अशी माझी पक्की समजूत होती.

लढाईमुळे रबर यायचं बंद झालं. परवान्याशिवाय टायर मिळेना, आणि परवाना मिळायचा तो धुळ्याच्या कचेरीतून. तोवर आहे त्यावरच भागवायचं. आमच्या टायरांची नक्षी केव्हाच उडाली होती, जागोजागी आतलं सूत दिसत होतं. कुठे फाटलं की मोडीतल्या टायरचा तुकडा कापायचा, त्याचं आतून अस्तर लावायचं आणि देवाचं नाव घेऊन हवा भरायची.

उतारूही काही कमी हुशार नव्हते. एका मोटारीचा टायर खांडबाऱ्याच्या पुढे जंगलात फुटला आणि माणसं दिवसभर उन्हात बसून राहिली. तेव्हापासून स्टँडवर नवीच रीत पडली. गाडीत चढायच्या आधी माणूस वाकायचा, टायरवर अंगठा दाबायचा, खाचेत बोट घालून बघायचा. बैल घेताना दात बघतात तसं. डोंगरातल्या बाया बाजाराला निघाल्या तरी डोक्यावरची टोपली न उतरवता आधी चाकाकडे बघायच्या, आपापसांत त्यांच्या बोलीत काहीतरी पुटपुटायच्या आणि सरळ दुसऱ्या गाडीकडे चालू लागायच्या. मला असा संताप यायचा! ज्यांनी जन्मात मोटारीचं चाक काढलं नाही, ते आमची परीक्षा घेणार.

मग मोटारवाल्यांनीही आपली रीत काढली. स्टँडवर गाड्या गोदामाच्या भिंतीला उजवी बाजू चिकटवून उभ्या राहायच्या. उतारू चढायचे डावीकडून. त्यामुळे ज्याच्याकडे एखादा बरा टायर असेल, तो डाव्या बाजूला घाली. उजवीकडे काय आहे ते फक्त भिंतीला ठाऊक. सगळेच असं करायचे, आणि कुणाला त्यात वावगं वाटत नव्हतं.

धुळ्याला खेटे घालून घालून मला शेवटी परवाना मिळाला, तोही दोनच टायरांचा. दुकानदाराने तीन टायर पुढे टाकले. मी त्यातले जाड नक्षीचे दोन उचलले, लांबूनही नवे दिसावेत म्हणून. दुकानदार म्हातारा होता, भला होता. तो म्हणाला, "दोन्ही पुढे घाला, नाहीतर दोन्ही मागे घाला. एका बाजूला एक जात, दुसऱ्या बाजूला दुसरी, असं करू नका." मी हो हो म्हटलं. मला ते कळलं नव्हतं अशातला भाग नाही.

घरी येऊन मी दोन्ही नवे टायर डावीकडे चढवले. भाऊ हात पुसत आला आणि बघत राहिला.

"पुढलं उजवं चाक मन्हा पायखाल शे," तो म्हणाला. "एक नवं तठे बसाड."

"उतारू डावीकडथीन चढतस, दादा. त्या जे देखतस, तेच खरं."

त्याने आणखी एकदा सांगितलं. मी चिडलो. परवाना मी आणला, टायर मी निवडले, आता चाकंही मीच बघतो, असं काहीबाही बोललो. तो भांडणारा माणूस नव्हता. सकाळी तशीच गाडी घेऊन निघाला.

महिनाभर आमची गाडी सगळ्यांच्या आधी भरायची. नव्या रबरावर अंगठा दाबून लोक खूश होऊन चढायचे. मी भावाकडे बघून हसायचो, तोही हसायचा. पण वाटेतल्या नाल्याचा उतार आला की तो गाडी फार सावकाश घ्यायचा, हे मला दिसत होतं.

तो दिवस विसरवाडीच्या बाजाराचा होता. गाडी खच्चून भरलेली. उतार संपता संपता पुढचा उजवा टायर फुटला. गाडी उजवीकडे ओढली गेली, रस्ता सोडून खाली उतरली आणि एका सागाला घासून थांबली. उतारूंपैकी कुणाला खरचटण्यापलीकडे काही झालं नाही. भावाचा हात नेहमीसारखा दारावर टेकलेला होता. तो दार आणि झाड यांच्या मध्ये सापडला.

दवाखान्यात कोपराच्या वरून हात काढावा लागला. तिसऱ्या दिवशी फौजदार जबाब घ्यायला आला. खाटेच्या एका बाजूला तो, दुसऱ्या बाजूला मी. त्याने विचारलं, "चांगले टायर असताना फाटका पुढे कुणी घातला?"

मी काही बोलायच्या आत भाऊ म्हणाला, "टायर मीच बसाडेल व्हतात, साहेब. याले काही माहीत नही."

फौजदार गेल्यावर त्याने डोळे मिटूनच मला समजावलं. त्याचं लायसन आता असून नसून सारखं. माझं गेलं तर गाडी कोण चालवणार? घरात सहा माणसं खाणारी. हिशेब बरोबर होता. मला हायसं वाटलं. लिहिताना लाज वाटते, पण भाऊ हात गमावून पडलेला आणि मला हायसं वाटलं, हेच खरं आहे.

गाडी दुरुस्त झाली, मी चालवू लागलो. भाऊ स्टँडवर उभा राहून उतारूंना हाका मारायचा. फौजदाराला सांगितलेलंच गावात पसरलं, घरातही तेच झालं. आईला मी सांगू शकलो असतो. तिच्याकडून कुठे काही फुटलं नसतं. पण आज सांगू, उद्या सांगू, असं करत राहिलो.

ती त्याला रोज बोलायची. जेवताना भाकरी कुस्करून त्याच्या डाव्या हातापाशी सरकवायची आणि सुरू व्हायची. "तुन्ही अक्कल कोठे गयथी रे? सोतानाच चाकले फाटकं टायर? धाकलाले तरी इचारनं व्हतं." भाऊ खाली मान घालून घास चिवडायचा. धाकटा समोरच बसून जेवत असायचा. एकदाही माझ्या घशात घास अडकला नाही. मला वाढताना तिचा आवाज मऊ व्हायचा आणि मी आणखी भाकरी मागून घ्यायचो.

असं किती वर्षं चाललं! लढाई संपली, टायर दुकानातून सहज मिळू लागले, स्टँडवर वाकून बघणारे लोक दिसेनासे झाले. आईचं बोलणं मात्र थांबलं नाही. शेवटच्या आजारपणात ती भावाच्या रिकाम्या बाहीला हात लावून रडायची आणि रडता रडता त्यालाच दोष द्यायची. त्याच रागात ती गेली.

तेराव्याचे पाहुणे निघून गेल्यावर आम्ही दोघेच ओट्यावर बसलो होतो. माझ्याने राहवेना. मी म्हणालो, "दादा, आते सांगी टाकस मी. टायर मीच बसाडेल व्हतात म्हणीसन."

तो रागावलाही नाही.

"आते कोणले सांगशी?" तो म्हणाला.