उरणच्या हुतूतूला मी पंच

चहा घ्या, पण हसायचं नाही हं! त्या दिवसाची आठवण आली की मला अजून तोंड लपवावंसं वाटतं.

पलटणीत असताना मी पाच खेळांचा चॅम्पियन. घोडा, तलवार, पिस्तूल, पोहणं, पळणं. तलवारबाजीत तर माझ्यासमोर उभं राहायला लोक कचरायचे. मग गुडघा गेला, पलटण सुटली आणि सरकारने मला क्रीडाधिकारी करून अलिबागला धाडलं. खाऱ्या हवेने तलवार गंजली. मी शाळाशाळांतून चुन्याच्या रेघा मारून घेत हिंडू लागलो. वाटलं, संपलो आपण!

अशात उरणजवळच्या एका गावाहून बाळाराम पाटील आले. मिठागरातला माणूस. आवाज असा की कचेरीच्या खिडक्या थरथरल्या.

"साहेब, तुमी पाच खेलांचे चांपियन ना? आमच्या हुतूतूला पंच व्हा. वरचा पाडा आन् खालचा पाडा. गेल्या साली पंचावरनंच डोकी फुटली. यंदा बाहेरचा, जाणता मानूस पायजे."

त्यांना वाटलं, पाचांत हुतूतू असणारच! मला तर त्यातलं ओ की ठो कळत नव्हतं. मी तोंड उघडलं... आणि मिटलं. कितीतरी दिवसांनी कुणीतरी मला चॅम्पियन म्हणालं होतं हो! वर कळलं, बाळाराम वरच्या पाड्याचे आणि त्यांची मुलगी खालच्या पाड्यातल्या धर्माला द्यायची ठरलीय. पुन्हा भांडण झालं तर लग्न मोडणार. तरी मी 'हो' म्हणालो! काय म्हणावं मला?

सामना सुरू झाला. मी शिट्टी फुंकायचो, गडी आपापसात ठरवायचे, मी मान डोलवायचो. बरं चाललं होतं. शेवटी बरोबरी झाली. धर्मा एका दमात हुतूतू, हुतूतू करत वरच्या पाड्याच्या हद्दीत घुसला. धुळीचा लोट उठला, सगळे एकमेकांवर पडले आणि धर्मा रेघेवर हात टेकून ओरडला, "लागला! लागला!"

"न्हाय लागला!" वरचा पाडा गरजला.

सगळं गाव माझ्याकडे बघायला लागलं. माझ्या डोळ्यांत धूळ. मला काय दिसणार, कपाळ?

मग तलवारबाजी आठवली. छाती काढून म्हणालो, "आमच्या खेळात ज्याला लागतं, तो मर्द स्वतः हात वर करतो!"

मग वरच्या पाड्यातल्या एका गड्याने हळूच हात वर केला. "मना लागला."

टाळ्या! मला रडूच यायचं बाकी. पण टाळ्या ऐकून दुसरा म्हणाला, "मना बी लागला." मग तिसरा, चौथा... धर्माने ज्यांना शिवलंही नसेल, तेही! आता धर्माला राहवेना. "आमी काय कमी मर्द? माजा दम मधीच तुटला व्हता! मीच बाद!"

"तू कशाला बाद? आमी हरलो!"

"न्हाय, आमी हरलो!"

"मंग आमी खोटं बोलतो व्हय?"

हरण्यावरून मारामारी झालेली कधी ऐकलीत? मी पाहिली! मीच लावली! होणारा जावई सासऱ्याची बंडी धरून उभा. माझ्या डोळ्यांदेखत लग्न मोडत होतं.

बाळाराम ओरडले, "थांबा! साहेबांना इचारा. साहेब, याचा दम तुटला का न्हाय?"

मी म्हणालो, "दम... म्हणजे नक्की कसला?"

हुतूतूच्या पंचाने विचारायचा हा प्रश्न?

धर्माने बंडी सोडली. दोन्ही पाडे खांद्याला खांदा लावून माझ्याकडे वळले. गेल्या सालापासून पहिल्यांदाच त्यांचं कशावर तरी एकमत झालं होतं. मी जो सुटलो, तो थेट लाँचच्या धक्क्यावर!

लग्न मात्र झालं, देवाची कृपा. मलाही आग्रहाचं बोलावणं आलं. मोठ्या मनाची माणसं! पंगतीला आधी कुठला पाडा बसणार यावरून कुरबूर सुरू झाली. गर्दीतून कुणीतरी म्हणालं, "साहेबांना इचारू या."

बाळाराम धावत आले, स्वतःच्या हाताने अख्खा लाडू माझ्या तोंडात कोंबला आणि हात जोडले.

"साहेब, खावा. पोटभर खावा. पन बोलू नका!"