धाडच्या उकर्डाचं नाव

धाडच्या स्टँडवर बुलढाण्याची जीप भरायला लागली की पुढच्या सीटवरून रोज एक भांडण होतं आणि ते उकर्डा मिटवतो. गाडी त्याची, त्यामुळे निकालही त्याचाच. साठीला टेकलेला, काटक बांध्याचा हा माणूस गाडी हळू आणि तोंड जोरात चालवतो.

त्याचं नाव मात्र माणसागणिक बदलतं. बाजारातल्या भाजीवाल्या त्याला उकर्डाभाऊ म्हणतात, मुस्लिम मोहल्ल्यात तो उकर्डाभाई. बरोबरीचे ड्रायव्हर उक्या म्हणतात आणि तो चिडला की उकर्डशेठ. बीबी गावाकडचा एखादा पाहुणा गाडीत बसला तर हमखास म्हणतो, आमच्याकडं उकंडा असतो. एकदा पुण्याच्या एका बाईंनी हे टोपणनाव आहे का, असं विचारलं.

"नाही ताई," उकर्डा म्हणाला, "हे खरं नाव. टोपणनाव राजेश्वर आहे."

सगळी जीप हसली. तोही हसला.

घरातलं शेण आणि केरकचरा जिथं पडतो तो उकिरडा, म्हणजे इकडचा उकर्डा. दगडू, धोंडू, केरबा, कचरू, भिका ही सगळी त्याची भावंडं. ज्या घरात लेकरं टिकत नाहीत तिथं नव्या बाळाला असं नाव द्यायचं. मरण दारात आलंच, तर नाव ऐकून त्यानं म्हणावं, हा कचरा कुठं वाहून नेऊ, आणि माघारी फिरावं.

उकर्डाची आई वच्छलाबाई हिची आधीची लेकरं गेली होती. हा झाला तेव्हा रीत ठरली. आईनं बाळ सुपात घालून उकिरड्यावर ठेवायचं आणि मागं न बघता निघून यायचं. दुसऱ्या घरच्या बाईनं ते सापडलं म्हणून उचलायचं, त्याचं नाव ठेवायचं आणि सूपभर कोंड्याच्या बदल्यात आईला परत द्यायचं. मग लेकरू उचलणारीचं. आई आपली नुसती सांभाळणारी. उचलायचा मान आत्याचा, म्हणजे सत्यभामाबाईचा होता. ती बीबीहून निघाली खरी, पण तिची एसटी मध्येच बंद पडली.

इकडं वच्छलाबाईनं मुहूर्त टळू नये म्हणून सूप ठेवलं आणि भिंतीआड उभी राहिली. तेवढ्यात शेजारच्या गल्लीतली गौसिया शेळ्यांच्या लेंड्या टाकायला आली. तिला रीतही माहीत नव्हती आणि आत्याही. तिला दिसलं टाकून दिलेलं लेकरू. तिचा स्वतःचा अकरम तेव्हा अंगावर पीत होता. तिनं बाळ पदराखाली घेतलं आणि टाकणारीला शिव्या घालत घरची वाट धरली. भिंतीआड वच्छलाबाईनं पदर तोंडात कोंबला. आई बोलली तर रीत मोडते, म्हणून ती आपलं लेकरू दुसऱ्या गल्लीत जाताना नुसती बघत राहिली.

सत्यभामाबाई पोचली तेव्हा उकिरड्यावर एक कोंबडी होती. सगळी गल्ली गौसियाच्या दारात जमली. तिनं बाळाला न्हाऊ घालून काजळही लावलं होतं. झाला प्रकार कळल्यावर ती डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसली, आणि मग अडून बसली. कोंड्याची रीत आहे ना, मग कोंडा आणा, आणि चाळून आणा, आमच्या कोंबड्या नखऱ्याच्या आहेत, असं तिनं सांगितलं. कोंडा आला तेव्हा बाळ पुढं करत ती म्हणाली, "घ्या तुमचा उकर्डा." तेच नाव झालं. सत्यभामाबाई मात्र मरेपर्यंत एसटीवर रुसलेली राहिली.

तेव्हापासून ईदला त्याला गौसियाच्या घरून सदरा यायचा, आणि त्याच्या लग्नात पहिलं लुगडं गौसियाला नेसवलं. हे सगळं तो गाडीत रंगवून सांगायचा. शाळेत मुलं त्याच्या शेजारी बसताना नाक धरायची, एवढं मात्र सांगायचा नाही. स्वतःला मुलगा झाला तेव्हा त्यानं कुणालाही न विचारता नाव ठेवलं, राजकुमार.

यंदा राजकुमारला मुलगा झाला. त्याआधी दोनदा त्याची बायको सुचिता दवाखान्यातून रिकाम्या हातांनी परत आली होती. बाळ घरी आलं आणि उकर्डाच्या बायकोनं, शालूबाईनं, जाहीर केलं, याला उकिरड्यावर टाकायचं आणि आजाचंच नाव ठेवायचं. घरात आता ढोरं नव्हती, कचरा घंटागाडीत जायचा. उकर्डानं तीच सबब पुढं केली. शेजारच्या सहदेवच्या गोठ्यामागं चांगला उकिरडा आहे, असं उत्तर आलं.

उकर्डानं फारसं मनावर घेतलं नाही. त्याची भिस्त सुनेवर होती. मलकापूरची शिकलेली पोरगी, हात धुतल्याशिवाय कुणाला बाळाला शिवू देत नव्हती. ती हे होऊ देणार नाही. तुझ्या सासूच्या डोक्यात भलतंच आलंय, तू काही मनावर घेऊ नको, असं त्यानं तिला सांगून टाकलं.

सुचिता दुपटं घडी करत होती. "बाबा, ते आईंच्या नाही, माझ्याच मनात आलं," ती म्हणाली. "त्यानं काही होत नाही, हे मलेही कळते. पण तुम्ही जगलात ना."

उकर्डा उठून बाहेर जीपपाशी आला. पण नातवाच्या शेजारी कुणी नाक धरावं, हे त्याला चालणार नव्हतं.

मग त्याला गौसिया आठवली. उचलणारीच नाव ठेवते. रीत होऊ द्यावी, नाव तेवढं बदलून घ्यावं. तो तिच्या घरी गेला. ऐंशी ओलांडलेली गौसिया अंगणात सुपारी कातरत होती. बारशाला तूच उचल आणि अविनाश नाव ठेव, असं त्यानं सांगितलं, तिच्याकडून दोनदा म्हणवूनही घेतलं. तिनं अर्थ विचारला. ज्याचा नाश होत नाही तो, असं त्यानं सांगितलं. "अच्छा है," ती म्हणाली.

बारशाच्या सकाळी सूप धुऊन, नवं फडकं अंथरून सहदेवच्या उकिरड्याच्या कडेला ठेवलं. सुचिता बाळ ठेवून वळली आणि शालूबाईचं मनगट धरून भिंतीशी उभी राहिली. गौसियाला कसलीच घाई नव्हती. अकरमच्या आधारानं ती काठी टेकत आली, वाकली, बाळ छातीशी घेतलं. कोणाचं लेकरू आहे, असं तिनं विचारलं. रीतीप्रमाणं कुणी बोललं नाही. तिनं बाळाच्या कानाशी तोंड नेलं, मग मान वर करून सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाली, "उकर्डा."

"माय, अविनाश ठरलं होतं," उकर्डा म्हणाला.

"ते शाळेत लाव. मी जिंदगीत एकच लेकरू उचललं, ते टिकलं. आता नवं नाव कशाले आजमावू?" मग जरा थांबून ती म्हणाली, "तुले त्या नावाची लाज वाटते, मले माहीत आहे बेटा. मले कधी वाटली नाही."

कोंड्याचं सूप तिच्यापर्यंत उकर्डानं स्वतः नेलं. कोंडा चाळलेला होता.

पाहुणे पांगले आणि संध्याकाळी एक अडचण समोर आली. शालूबाई नवऱ्याचं नाव न घेणाऱ्या बायकांतली. लग्न झाल्यापासून अहो, राजूचे बाबा, यावर तिचा संसार चालला होता. दवाखान्यात नाव विचारलं तर ती राजकुमारला पुढं करायची. आता नातू पाळण्यात रडत होता, सुचिता न्हाणीत होती, आणि शालूबाई बाळा, सोन्या, राजा असं करत पाळणा हलवत होती.

"आई, नावानं हाक मारा," न्हाणीतून सुचिता म्हणाली. "नाही तर त्याच्या कानाले कसं लागंल?"

शालूबाईनं दाराकडं पाहिलं. बाहेर उकर्डा जीपची काच पुसत होता. तिनं पदर सारखा केला.

"उकर्डा," ती आधी पुटपुटली. मग जरा मोठ्यानं म्हणाली, "उकर्डा, रडू नको रे."

बाहेर फडकं थांबलं.

"काय म्हणतेस?" उकर्डानं विचारलं.

"तुम्हाले नाही," शालूबाई म्हणाली, आणि पुन्हा एकदा हाक मारली.