तीस मुक्कामांचं ऑइल

आमची पिकअप वर्षातले सात महिने पहिल्या गेअरमध्ये चालते. दिवाळी झाली की मेंढ्या घेऊन आम्ही अंबड तालुक्यातलं आमचं गाव सोडतो आणि मृगाच्या तोंडावर परततो. ज्याचं पीक निघालं त्याच्या रानात मेंढ्या बसवायच्या. त्याच्या जमिनीला खत मिळतं, आमच्या जनावरांना चारा. मग सकाळी बिऱ्हाड उचलायचं आणि पुढचं रान गाठायचं. पूर्वी हे बिऱ्हाड घोड्यावर असायचं. आता भांडी, रात्री मेंढ्या कोंडायच्या जाळ्या, नुकती जन्मलेली कोकरं आणि वडील पिकअपमध्ये असतात. त्यातले वडील सांभाळायला सगळ्यांत अवघड, कारण कोकरं निदान झोपतात तरी.

वडिलांना आम्ही अण्णा म्हणतो. त्यांचे दोन्ही गुडघे गेले आणि डॉक्टरांनी चालणं बंद करायला सांगितलं, तेव्हा ते दोन दिवस कुणाशी बोलले नाहीत. तिसऱ्या दिवशी मला म्हणाले, “मला घरी बसवू नको. बसलो की संपलो मी.” त्यांच्यासाठीच ही जुनी पिकअप घेतली. धाकटा भाऊ आणि माझी बायको मेंढ्यांबरोबर चालतात, मी स्टेअरिंगवर, अण्णा शेजारच्या सीटवर काठी पायांत धरून. गाडी चालेल तोवर अण्णा रानात, गाडी थांबली की अण्णा खाटेवर, इतकं ते सरळ होतं.

गाडी घेतली तेव्हा वडीगोद्रीला हायवेवरच्या एका गॅरेजात ऑइल बदलायला नेली होती. मिस्तरी भला माणूस. साधं ऑइल घालू नको, सिंथेटिक घाल, इंजिनाला आराम पडतो आणि लवकर बदलावं लागत नाही, असं म्हणाला. मग त्यानं विचारलं, गाडी काय वाहते. तिथं दोन-तीन ट्रकवाले चहा पीत उभे होते. आमची गाडी मेंढ्यांच्या पुढं पायी चालल्यासारखी चालते, हे त्यांच्यासमोर सांगायची मला लाज वाटली. कसली लाज, ते आजही नीट सांगता येत नाही. बापजाद्यांचा धंदा आहे, चोरी नाही. पण तोंडातून निघून गेलं, “मोसंबी वाहतो. जालना, कधी त्याच्या पुढं.”

मिस्तरीनं मान हलवली. एका कार्डावर मीटरचा आकडा लिहिला, त्यात पंधरा हजार मिळवले आणि ते कार्ड आरशाला अडकवून दिलं. लांब पल्ल्याची गाडी आहे, एवढे किलोमीटर बिनघोर जा, म्हणाला. अण्णा सीटवर बसून होते आणि खिडकीची काच खाली होती. त्यांनी सगळं ऐकलं.

मेंढ्यांना पहिल्या महिन्यातच इंजिनाच्या आवाजाची सवय झाली. आवाज पुढं चालला की त्या मागं चालायच्या. आवाज बंद झाला की थांबायच्या आणि मिळेल त्या पिकात तोंड घालायच्या, मग शेतकऱ्याच्या शिव्या आमच्या वाट्याला. म्हणून चावी बंद करायचीच नाही, अशी रीत पडली. कोकरू पाजायला थांबलो तरी इंजिन चालू, भाऊ रान विचारायला गेला तरी चालू, बायकोनं बांधावर भाकरी सोडल्या तरी चालू. दिवस मावळेपर्यंत माझ्या पायाखाली क्लच असायचा आणि ढोपरात कळ. अण्णांचे गुडघे वाचवता वाचवता माझे चालले होते. दिवसभर असं राबून मीटर दहा-बारा किलोमीटर पुढं सरकायचा.

आणि मी त्या मीटरकडं बघून खूश व्हायचो. पावसाळ्यात गाडी पत्र्याखाली उभीच असायची. पहिलं वर्ष गेलं, दुसऱ्या वर्षाची दिवाळी गेली, तरी कार्डावरचा आकडा लांबच. महिन्यातून एकदा ऑइल मोजायची पट्टी ओढून बघायचो. ऑइल पातळीला बराबर असायचं. काळं असायचं, पण डिझेल गाडीचं ऑइल काळंच असतं, हे मला कुणीतरी सांगितलं होतं आणि ते मला सोयीचं होतं.

दुसऱ्या वर्षी थंडी सरता सरता आम्ही गोदावरीच्या दिशेनं निघालो होतो. एका सकाळी अण्णा खिडकीतून मागं बघत म्हणाले, “मेंढ्या मागं पडून राह्यल्या. गाडीचा आवाज जड झालाय. ऑइल बदलून किती मुक्काम झाले?”

मला हसू आलं. ऑइल मुक्कामावर नसतं अण्णा, किलोमीटरवर असतं, असं म्हणून मी ते कार्ड त्यांच्यापुढं धरलं. अजून दहा हजारांच्या वर बाकी होते. अण्णांना अक्षर येत नाही. त्यांनी कार्ड हातात घेतलं, उलटंपालटं केलं आणि परत दिलं. पुढच्या आठवड्यात डॅशबोर्डवरचा ऑइलचा लाल दिवा थांबलो की मिणमिणायला लागला. मी त्यावर टिचकी मारायचो, दिवा विझायचा. वायर ढिली असेल, गावी गेल्यावर बघू, असं दर वेळी म्हणायचो. सात महिने उघड्यावर काढणारा माणूस गावी गेल्यावर बघू या एका वाक्यावर फार गोष्टी ढकलतो.

शहागडच्या अलीकडं, हायवे ओलांडून आम्ही नुकतेच कच्च्या वाटेला लागलो होतो. इंजिनातून खटखट सुरू झाली, मग लोखंडावर लोखंड घासावं तसा आवाज आला आणि गाडी जागच्या जागी थांबली. चावी फिरवली तर आतून काही हललंच नाही. मागं मेंढ्याही थांबल्या. अण्णा समोर बघत बसले होते. मला त्यांच्याकडं मान वळवायचा धीर झाला नाही.

दुसऱ्याच्या गाडीला दोर लावून पिकअप वडीगोद्रीला ओढत नेली. मिस्तरीनं इंजिनाखालचं चेंबर खोललं तेव्हा तळाला डांबरासारखा गाळ बसला होता. त्यानं बोटावर घेऊन मला दाखवला. बेअरिंग गेलं होतं, इंजिन पूर्ण बांधावं लागणार होतं. मोसंबीच्या गाडीला एवढ्या किलोमीटरमध्ये असं कसं झालं, हे त्याला कळेना. तेव्हा मी खरं काय ते सांगितलं.

तो चिडला नाही. चिडला असता तर बरं झालं असतं. एवढंच म्हणाला, “पहिल्याच दिवशी सांगायला पाह्यजे होतं भाऊ. चाक फिरो न फिरो, इंजिन चालू हाय तवर ऑइल राबतंच. ट्रॅक्टरला काय किलोमीटर मोजतेत का? तास मोजतेत.” सिंथेटिक झालं म्हणून ते काही अमर नसतं, असंही म्हणाला. गावात दर तिसऱ्या घरापुढं ट्रॅक्टर उभा असतो. मला हे माहीत नव्हतं असं मी म्हणू शकत नाही.

अण्णांना मी एसटीनं घरी सोडलं. भावानं डोक्यावर बोजा घेऊन मेंढ्या पुढं नेल्या, बायकोनं कोकरं झोळीत घालून नेली. इंजिन बांधून व्हायला दीड महिना लागला. कधी सुटा भाग यायचा बाकी, कधी मिस्तरी लग्नाला. अण्णा दीड महिना खाटेवर होते.

गाडी दुरुस्त झाली त्या दिवशी मी ती थेट घरापुढं नेली आणि इंजिन चालू ठेवूनच हॉर्न दिला. अण्णा काठी टेकत बाहेर आले. बॉनेटवर हात ठेवून बराच वेळ ऐकत राहिले. आवाज मोकळा झालाय, म्हणाले. मी दार उघडलं. त्यांनी दांडा धरला आणि एक पाय उचलला, पण तो पायरीपर्यंत गेलाच नाही. मी खालून आधार दिला. पुन्हा उचलला. दीड महिन्यात गुडघा आखडून बसला होता. तिसऱ्यांदा त्यांनी प्रयत्न केला नाही.

“मिस्तरीला सांगितलं का, गाडी मेंढ्यांची हाय म्हणून?” त्यांनी विचारलं.

“सांगितलं, अण्णा.”

“मंग जा तू. मी इथून मुक्काम मोजतो.”

त्याला आता दुसरं वर्ष चालू आहे. मिस्तरीनं इंजिन रोज किती तास चालतं ते विचारून हिशेब करून दिला आणि तो नेमका तीस मुक्कामांवर येऊन बसला. आरशाला कार्ड नाही. डॅशबोर्डवर मी खडूनं रोज एक रेघ ओढतो, तीस झाल्या की ऑइल आणि फिल्टर बदलतो आणि रेघा पुसतो. शेजारच्या सीटवर आता जाळ्या असतात. मला त्या सीटकडं बघवत नाही, म्हणून जास्तच उंच रचतो. एवढ्या थकव्यात रोज आठवणीनं रेघ ओढायचाही कंटाळा येतो, पण चुकवलेली नाही.

संध्याकाळी मेंढ्या बसल्या की अण्णांचा फोन येतो. आज कितवा, विचारतात. मी आकडा सांगतो. मग फोन न तोडता मी तो बॉनेटवर ठेवतो, आवाज तिकडं जावा म्हणून. आमच्याकडं सगळे जण भाकरीला बसलेले असतात, मेंढ्या जाळीत असतात, इंजिन चालू ठेवायचं काही कारण नसतं. गाडी उभी ठेवून इंजिन चालवणं ऑइलला वाईट, हे आता मला पक्कं माहीत आहे. तरी अण्णा तिकडून फोन ठेवेपर्यंत मी चावी बंद करत नाही.